कूपर्सटाउनचा कांस्यफलक: निवृत्त बेसबॉलपटूंच्या सन्मानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत हॉल ऑफ फेमचा निकाल लागला की, आणि पुन्हा जुलैच्या सोहळ्याच्या सुमारास, तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही न्यू जर्सी-टेक्सासमधल्या मराठी घरांतून येतात. तिथे मुलं लिटल लीग खेळतात आणि आईबाबा जाळीमागे बसून नियम शिकतात. काही पुण्या-मुंबईच्या क्रिकेटवेड्यांकडून येतात, त्यांना या खेळातली आकड्यांची चंगळ आवडू लागलेली असते. ओळीने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न उघडा. मी चाहता आहे, पंच नाही. त्यामुळे मधूनमधून माझं मत डोकावेल.

१. हॉल ऑफ फेम म्हणजे नक्की काय? संग्रहालय, पुरस्कार की नावांची यादी?

तिन्ही. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात १२ जून १९३९ रोजी हे संग्रहालय उघडलं. निवड मात्र त्याआधीच, १९३६ पासून सुरू झाली होती. पहिल्या वर्षी पाच जण निवडले गेले: टाय कॉब, बेब रुथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. निवड झालेल्याचा चेहरा आणि कारकिर्दीच्या चार ओळी कांस्यफलकावर कोरून एका मोठ्या दालनात लावतात.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आजवर वीस हजारांहून जास्त खेळाडू उतरले. फलक साडेतीनशेच्या आसपास आहेत, आणि त्यातही व्यवस्थापक, पंच, संघमालक धरलेले. हॉल मेजर लीगच्या मालकीचा नाही, ती स्वतंत्र संस्था आहे. हा मुद्दा पुढे प्रश्न १४ मध्ये कामाला येईल.

२. पण कूपर्सटाउनच का? न्यूयॉर्क किंवा बॉस्टन का नाही?

एका दंतकथेमुळे. बेसबॉल कुठून आला हे ठरवायला नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस निर्वाळा दिला की, ॲबनर डबलडे याने १८३९ साली कूपर्सटाउनमध्ये हा खेळ शोधला. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. खेळ कुणा एकाने शोधलेलाच नाही, जुन्या चेंडूफळीच्या खेळांतून तो घडत गेला. पण गावातल्या स्टीफन क्लार्क या धनिकाला (घराण्याचा पैसा सिंगर शिवणयंत्रांचा) महामंदीत गावाकडे माणसं वळवायची होती. त्याने दंतकथेला इमारत बांधून दिली. कथा खोटी ठरली, इमारत उभी आहे, आणि माझी त्याला काही हरकत नाही.

३. खेळाडू पात्र केव्हा ठरतो?

किमान दहा हंगाम मेजर लीगमध्ये खेळलेला हवा आणि शेवटचा सामना खेळून पाच वर्षं उलटलेली हवीत. वयाची अट नाही. सँडी कोफॅक्सचा डावा हात संधिवाताने निकामी होत चालला म्हणून तो १९६६ मध्ये तिशीतच थांबला. १९७२ मध्ये, ३६ व्या वर्षी, त्याची निवड झाली. खेळाडूंमध्ये इतक्या तरुणपणी कुणी आत गेलेलं नाही. दहा आणि पाच या दोन्ही अटींना अपवाद झालेत, ते प्रश्न १० मध्ये.

४. मतं कोण देतं? किती लागतात?

बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका या पत्रकारांच्या संघटनेचे सभासद. सलग दहा वर्षं सभासद असलेल्यालाच मतपत्रिका मिळते. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. ७५ टक्के मतं मिळाली की निवड. पाच टक्क्यांपेक्षा कमी मिळाली की नाव कायमचं बाद. मधल्या पट्ट्यात राहिलेला पुढच्या वर्षी पुन्हा यादीत, असं दहा वर्षांपर्यंत. पूर्वी ही मुदत १५ वर्षं होती, २०१४ मध्ये कमी केली.

एक बारकावा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. कुणी मतपत्रिकेवर सही करून ती कोरीच पाठवली, तरी ती एकूण मतांत मोजतात. म्हणजे ‘यंदा कुणीच लायक नाही’ असं म्हणणारा पत्रकार प्रत्येक उमेदवाराविरुद्ध मत देत असतो.

५. बेब रुथलाही सगळी मतं मिळाली नव्हती म्हणे. खरं का?

खरं. १९३६ मध्ये २२६ पैकी २१५. अकरा पत्रकारांना बेब रुथ पुरेसा वाटला नाही! त्या वर्षी सर्वाधिक मतं कॉबला, २२२. विली मेजला १९७९ मध्ये २३ जणांनी वगळलं, हँक ॲरनला १९८२ मध्ये नऊ जणांनी, केन ग्रिफी धाकट्याला २०१६ मध्ये तिघांनी. रुथला शंभर टक्के नाहीत तर इतरांना कशी द्यायची, अशी एक अडेल परंपराच पडली होती. शिवाय कुणी हिशेबी असतं: अमका निवडून येणारच आहे, मग दहापैकी एक खूण पाच टक्क्यांच्या काठावरच्या दुसऱ्या कुणाला देऊ.

ही कोंडी २०१९ मध्ये मारियानो रिवेराने फोडली, ४२५ पैकी ४२५. पुढच्याच वर्षी डेरेक जीटर एका मताने हुकला, ३९७ पैकी ३९६. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीही एकाच मताने, ३९४ पैकी ३९३. त्या एका पत्रकाराला इचिरोने आधी घरी जेवायला बोलावलं होतं. सोहळ्याच्या भाषणात त्याने जाहीर केलं की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली आहे. कारकीर्दभर दुभाष्यामार्फत बोलणारा हा माणूस त्या दिवशी इंग्रजीत बोलला आणि अख्ख्या मैदानाला हसवून गेला.

६. खेळाडू निवृत्त झालेला, आकडे तेच. मग पहिल्या वर्षी वीस टक्के आणि दहाव्या वर्षी पंचाहत्तर, हे कसं?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न. आकडे तेच राहतात, ते वाचणारे बदलतात.

लॅरी वॉकर घ्या. हा कॅनडाचा. तीनदा फलंदाजीत अव्वल, १९९७ चा सर्वोत्तम खेळाडू. पण तो कोलोरॅडोकडून खेळला. डेन्वर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचावर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. ‘हे हवेचे धावांक’ म्हणून पत्रकारांनी नाक मुरडलं. २०११ मध्ये २०.३ टक्के, २०१४ मध्ये घसरून १०.२. त्या काळात यादीही खचाखच भरलेली होती आणि खुणा दहाच. पुढे मैदानाचा फायदा वजा करून खेळाडू मोजायच्या पद्धती रुळल्या आणि कळलं की वॉकर कुठेही वॉकरच होता. क्षेत्ररक्षण आणि धावणं तर डेन्वरच्या हवेने दिलेलं नव्हतंच. २०१९ मध्ये ५४.६. मग २०२० चं शेवटचं, दहावं वर्ष. त्या दिवशी त्याने स्वतःच समाजमाध्यमावर लिहून टाकलं होतं की थोडक्यात हुकणार असं दिसतंय. संध्याकाळी फोन आला तेव्हा अंगात स्पंजबॉबचा शर्ट. ३०४ मतं, हवी होती २९८.

टिम रेन्स (२०१७) आणि एडगर मार्टिनेझ (२०१९) हेही दहाव्या वर्षी आत गेले. रेन्सच्या नावावर ८०८ चोरलेले बेस (चेंडू टाकला जात असताना धावून पुढचा बेस गाठणं), पण कारकीर्द रिकी हेंडरसनच्याच काळातली, आणि हेंडरसनचे १,४०६. मार्टिनेझ मुख्यतः नुसती फलंदाजी करणारा, क्षेत्ररक्षणाला न उतरणारा. ‘अर्धाच खेळाडू’ ही तक्रार संपायला दहा वर्षं लागली. बिली वॅग्नरची कथा तर कादंबरीसारखी. जन्माचा उजखोरा, लहानपणी उजवा हात मोडला म्हणून डाव्याने फेकायला शिकला आणि त्याच डाव्या हाताने मेजर लीगमध्ये ४२२ सामने राखले, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली. २०१६ मध्ये १०.५ टक्के, २०२४ मध्ये पाच मतांनी हुकला, २०२५ मध्ये शेवटच्या संधीला ८२.५.

पहिल्याच फेरीत निवडून येणाऱ्यांचं मला कौतुक आहेच, पण जीव या दहाव्या वर्षवाल्यांत अडकतो.

७. पत्रकारांनी नाकारलं की सगळं संपलं का?

नाही, मागचं दार आहे. सोळा जणांची समिती डिसेंबरात बसते. जुने हॉल ऑफ फेमर, संघांचे अधिकारी, इतिहासकार असे सभासद असतात. निवडीसाठी बारा मतं लागतात आणि प्रत्येक सभासदाला मोजक्याच खुणा करता येतात. काळानुसार उमेदवारांचे गट पाडलेत: १९८० नंतरचे खेळाडू एका वर्षी, त्याच काळातले व्यवस्थापक-पंच-अधिकारी दुसऱ्या वर्षी, त्याआधीचे सगळे तिसऱ्या वर्षी.

या दाराने कधी न्याय होतो, कधी वशिल्याचा वास येतो. २०१९ मध्ये आत आलेल्या हॅरल्ड बेन्सला पत्रकारांनी कधीच सहा-सात टक्क्यांपलीकडे नेलं नव्हतं, आणि समितीत त्याचे जुने व्यवस्थापक व मालक बसले होते. उलट डेट्रॉइटचा लू व्हिटेकर २००१ मध्ये पहिल्याच फेरीत २.९ टक्क्यांवर बाद झाला. त्याच्यासोबत मैदानाच्या मध्यावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला ॲलन ट्रॅमेल २०१८ मध्ये समितीमार्फत आत गेला. जोडी फोडली, असं मी म्हणतो.

८. इतके सन्मान मरणोत्तर का? माणूस जिवंत असताना का सुचत नाही?

हीच माझीही तक्रार आहे.

फिलाडेल्फियाचा डिक ॲलन: १९६४ चा सर्वोत्तम नवोदित, १९७२ चा सर्वोत्तम खेळाडू. समितीत २०१४ मध्ये एका मताने हुकला. पुढची बैठक डिसेंबर २०२० मध्ये व्हायची होती, ती महासाथीमुळे वर्षभर पुढे ढकलली. ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, ॲलन वारला. २०२१ मध्ये बैठक झाली, पुन्हा एका मताने हुकला. डिसेंबर २०२४ मध्ये निवड झाली, आणि जुलै २०२५ मध्ये व्यासपीठावर त्याची पत्नी बोलली. एकच बरं झालं: फिलाडेल्फिया संघाने हॉलची वाट पाहायचा आपलाच नियम मोडून सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा १५ नंबर निवृत्त केला होता. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्याच सोबत निवडलेल्या डेव्ह पार्करला निवडीची बातमी तरी कळली. पार्किन्सनशी झगडणारा पार्कर सोहळ्याच्या महिनाभर आधी, २८ जून २०२५ रोजी गेला. भाषण मुलाने केलं. शिकागोचा रॉन सँटो डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि बरोबर वर्षभराने निवडला गेला. क्यूबाचा मिनी मिन्योसो आणि ब्रुकलिनचा गिल हॉजेस यांची निवड डिसेंबर २०२१ मध्ये झाली. मिन्योसोला जाऊन सहा वर्षं झाली होती, हॉजेसला एकोणपन्नास.

आणि बक ओ'नील. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये खेळलेला, आणि त्या लीगच्या आठवणी देशभर सांगत फिरलेला. २००६ मध्ये खास समितीने त्या लीगमधल्या १७ जणांना निवडलं, बक राहिला. तो चौऱ्याण्णव वर्षांचा होता. जे निवडले गेले त्यांतलं कुणीही हयात नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने बोलायला बकलाच बोलावलं. गेला. कुरकुर नाही, टोमणा नाही. उलट जमलेल्या सगळ्यांना हात धरायला लावून गाणं म्हणवून घेतलं. त्याच ऑक्टोबरात तो वारला. त्याची स्वतःची निवड डिसेंबर २०२१ मध्ये झाली.

हॉलवाले म्हणतील घाई नको, इतिहासाला वेळ द्यावा लागतो. खेळाडू ऐंशीच्या पुढचा असेल तर त्याची फेरी आधी घ्यायला कुठला इतिहास आड येतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

९. कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या खेळाडूंना आत घ्यायला कधी सुरुवात झाली?

जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली आणि १९६२ मध्ये तो हॉलमध्ये गेला. पण त्याच्या आधी जन्मलेल्यांचं काय? दहा हंगामांची अट ते पुरी करणार तरी कशी? त्यांना मेजर लीगमध्ये पाऊलच ठेवू दिलं नव्हतं.

१९६६ मध्ये टेड विल्यम्सने आपल्या सत्काराच्या भाषणात, कुणी विचारलेलं नसताना, सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि त्यांना एक दिवस इथे जागा मिळो असं म्हटलं. त्या काळच्या गोऱ्या महानायकाने स्वतःच्या मोठ्या दिवशी हे बोलणं साधं नव्हतं. १९७१ मध्ये पेजची निवड झाली; आधी फलक वेगळ्या विभागात लावायचं घाटत होतं, ओरड झाल्यावर मुख्य दालनात घेतला. गिब्सन १९७२ मध्ये आत आला. तो जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला होता. २०२४ मध्ये मेजर लीगने त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. कारकिर्दीच्या फलंदाजी-सरासरीत (चेंडू मारून बेस गाठण्याचं, म्हणजे हिटचं, संधींशी प्रमाण) आज गिब्सन (.३७२) कॉबच्या (.३६७) वर आहे.

१०. रॉबेर्तो क्लेमेंतेला पाच वर्षं थांबावं लागलं नाही. हा अपवाद कसा?

३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, त्यात क्लेमेंते गेला. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट होते. काही आठवड्यांत खास मतदान झालं, ४२४ पैकी ३९३ मतं. त्यानंतर नियमच झाला: खेळाडू वारला तर सहा महिन्यांनी पात्र.

त्याआधीचा अपवाद लू गेरिग. स्नायू निकामी करणाऱ्या ज्या आजाराला पुढे त्याचंच नाव मिळालं, त्यामुळे १९३९ मध्ये तो थांबला आणि त्याच वर्षी त्याला हॉलमध्ये घेतलं.

दहा हंगामांच्या अटीला अपवाद ॲडी जॉसचा. हा क्लीव्हलंडचा पिचर (गोलंदाज) नऊ हंगाम खेळून १९११ मध्ये मेंदुज्वराने वारला. त्याच्यासाठी अट शिथिल करून १९७८ मध्ये फलक लावला.

११. निवृत्त होऊन पुन्हा खेळायला उतरला तर पाच वर्षं नव्याने मोजतात का?

हो. होजे रिहो कोपराच्या दुखापतीने १९९५ नंतर थांबला. २००१ च्या मतपत्रिकेवर त्याचं नाव आलं, एक मत मिळालं. त्याच उन्हाळ्यात गडी पुन्हा मैदानात! खरोखरच थांबल्यावर २००८ मध्ये पुन्हा मतपत्रिकेवर, या वेळी शून्य मतं. हॉलसाठी मत मिळाल्यानंतर मेजर लीगमध्ये चेंडू फेकणं हे स्वतःच फलकाच्या लायकीचं, असं माझं मत.

१२. फलकावरच्या टोपीवर कोणत्या संघाचं चिन्ह, हे खेळाडू ठरवतो का?

पूर्वी जवळपास तोच ठरवायचा. २००१ पासून शेवटचा शब्द हॉलचा, खेळाडूशी बोलून. गॅरी कार्टर (२००३) न्यूयॉर्क मेट्सकडून अजिंक्यपद जिंकला तरी हॉलने मॉन्ट्रियल एक्सपोजची टोपी दिली. आंद्रे डॉसनला (२०१०) शिकागोची हवी होती, त्यालाही मॉन्ट्रियलचीच मिळाली. ग्रेग मॅडक्सने (२०१४) अटलांटा आणि शिकागो यांतलं एक निवडायला नको म्हटलं, म्हणून कोरी टोपी. रॉय हॅलडे २०१७ मध्ये विमान अपघातात वारला होता. २०१९ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या इच्छेनुसार टोपी कोरी ठेवली.

१३. जर्सीचा नंबर निवृत्त करतात, तो हाच सन्मान का? आपल्याकडे सचिनच्या दहा नंबरचं झालं तसं?

वेगळा. हॉल संपूर्ण खेळाचा, नंबर त्या त्या संघाचा. मेजर लीगमध्ये पहिला निवृत्त नंबर गेरिगचा ४. न्यूयॉर्क यांकीजकडे तर २०१७ मध्ये जीटरचा २ गेल्यावर १ ते ९ मधला एकही नंबर उरला नाही. नोलन रायनचा नंबर तीन संघांनी निवृत्त केला: एंजल्सनी ३०, टेक्सास आणि ह्यूस्टनने ३४.

एकच नंबर सगळ्या लीगने निवृत्त केलाय, जॅकी रॉबिन्सनचा ४२, पदार्पणाच्या पन्नासाव्या वर्षी १९९७ मध्ये. तेव्हा जे ४२ घालत होते त्यांना तो वापरायची मुभा होती. त्यांतला शेवटचा मारियानो रिवेरा, २०१३ पर्यंत.

क्रिकेटचं विचाराल तर २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने दहा नंबर घातला, चाहते खवळले, त्याने नंबर बदलला आणि मग तो कुणाला मिळेनासा झाला. बेसबॉलमध्ये हे समारंभाने, खेळाडूला मैदानात बोलावून करतात. आपण वानखेडेवर गावसकर, तेंडुलकर, वाडेकर यांची नावं स्टँडना देतो, ती रीत मला याच्या जास्त जवळची वाटते. आयसीसीचाही हॉल ऑफ फेम २००९ पासून आहे आणि तिथेही पाच वर्षांची अट आहे. गावसकर पहिल्या वर्षीचे, सचिन २०१९ चा, विनू मांकड २०२१ चे.

१४. सर्वाधिक हिट पीट रोझचे. मग तो आत का नाही?

४,२५६ हिट, कुणाचेच त्याहून जास्त नाहीत. पण सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना त्याने स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या, म्हणून १९८९ मध्ये मेजर लीगने कायमची बंदी घातली. बंदी लीगची, हॉलची नव्हे. पण १९९१ मध्ये, रोझ मतपत्रिकेवर येण्याच्या तोंडावर, हॉलने नियम केला की लीगच्या अपात्र यादीतल्याला मतपत्रिकेवर घ्यायचं नाही. वर्षानुवर्षं नाकारून २००४ मध्ये रोझने पैजा कबूल केल्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तो वारला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोझ आणि १९१९ च्या निकालनिश्चितीत अडकलेला शूलेस जो जॅक्सन दोघेही डिसेंबर २०२७ च्या समितीपुढे येऊ शकतात.

पैज लावणाऱ्याला बंदी हवीच. पण हिट खरे होते. मी फलक लावला असता आणि शेवटची ओळ बंदीची कोरली असती.

१५. मग बॅरी बॉन्ड्स आणि रॉजर क्लेमेन्स? त्यांच्यावर तर बंदीही नाही.

बरोबर. बॉन्ड्सचे ७६२ होम रन, क्लेमेन्सचे ३५४ विजय आणि सात साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे) पुरस्कार. अडचण उत्तेजकांच्या संशयाची. मतदानाच्या नियमांत खेळासोबत सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहा असं कलम आहे, त्यावर पत्रकार अडून बसले. २०२२ च्या दहाव्या वर्षी बॉन्ड्सला ६६ टक्के, क्लेमेन्सला ६५.२. त्याच दिवशी डेव्हिड ऑर्टिझ ७७.९ टक्क्यांनी पहिल्याच फेरीत आत गेला, आणि २००३ च्या गुप्त चाचणीच्या बातमीत त्याचंही नाव आलं होतं! समितीनेही २०२२ आणि २०२५ मध्ये बॉन्ड्सला नाकारलं.

संशयितांना बाहेर ठेवा, मान्य. पण तो सगळा काळ ज्यांच्या कमिशनरपदाखाली गेला त्या बड सीलिग यांचा फलक २०१७ पासून त्याच दालनात आहे, तेवढं मला पचत नाही.

१६. जपानच्या सादाहारू ओहचे ८६८ होम रन. तो का नाही? भारतीय कुणी?

प्रश्न ३ मधली दहा हंगामांची अट मेजर लीगची आहे. ओह अमेरिकेत खेळलाच नाही, तो जपानच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. इचिरो सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेत आला, तरीही ३,०८९ हिट करून गेला आणि कूपर्सटाउनमधला पहिला जपानी खेळाडू ठरला. जपानच्या हॉलमध्येही त्याची निवड त्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये झाली.

भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं, पण मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत.

१७. सोहळा पाहायला जायचंय. कसं करावं?

साधारणपणे जुलैच्या शेवटच्या रविवारी, गावाबाहेरच्या क्लार्क स्पोर्ट्स सेंटरच्या मैदानावर. हिरवळीवर बसायला तिकीट लागत नाही. खुर्ची, टोपी आणि पाणी घरून न्या. न्यूयॉर्क शहराकडून गाडीने चारेक तास. गावाची वस्ती दोन हजारांच्याही आत, त्यामुळे राहायची सोय आसपासच्या गावांत आणि खूप आधी बघावी. २००७ मध्ये कॅल रिपकेन आणि टोनी ग्विन यांच्या वेळी ८० हजारांच्या वर माणसं लोटली होती, यावरून कल्पना येईल. शनिवारी मेन स्ट्रीटवरून जुन्या मानकऱ्यांची मिरवणूक निघते. मुलं बरोबर असतील तर तीच चुकवू नका, कारण खेळाडू तिथे हाताच्या अंतरावरून जातात.

भाषणं लांबतात अशी तक्रार असते. २००१ मध्ये बिल मॅझरोस्कीला काही वाक्यांतच हुंदका आवरेना, त्याने लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले आणि आभार मानून बसला. मैदान उभं राहिलं.

निवांत पाहायचं असेल तर सोहळा सोडून हिवाळ्यात जा. फलकांच्या दालनात तेव्हा तुम्ही आणि पहारेकरी एवढेच असता.

१८. रेडिओ-टीव्हीचे समालोचक आणि पत्रकार हॉल ऑफ फेमर असतात का?

नाही. समालोचकांना फोर्ड फ्रिक पुरस्कार आणि पत्रकारांना त्यांचा वेगळा पुरस्कार मिळतो, सन्मान त्याच दिवसांत कूपर्सटाउनमध्येच होतो, पण कांस्यफलक लागत नाही. विन स्कली यांनाही (पुरस्कार १९८२) नाही.

१९. ‘मला नको तुमचा सन्मान’ असं म्हणता येतं का?

म्हणता येतं, ऐकलं जाईलच असं नाही. खेळाडूंच्या संघटनेचे नेते मार्विन मिलर यांनी खेळाडूंना संघमालकांच्या वेठबिगारीतून सोडवलं. समितीने वारंवार नाकारल्यावर २००८ मध्ये त्यांनी पत्र लिहून कळवलं की यापुढे माझा विचारच करू नका. २०१२ मध्ये ते वारले, डिसेंबर २०१९ मध्ये निवडले गेले. महासाथीमुळे तो सोहळाही सप्टेंबर २०२१ पर्यंत लांबला.

२०. एकदा लागलेला फलक काढतात का? मजकूर बदलतात का?

काढत नाहीत. २०२१ मध्ये रॉबेर्तो आलोमारला गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर मेजर लीगने अपात्र यादीत टाकलं. टोरंटोने मैदानातला त्याच्या नावाचा झेंडा उतरवला. हॉलने फलक राहू दिला, कारण निवड झाली तेव्हा तो पात्र होता. प्रश्न १४ मधला नियम आत येणाऱ्यांना अडवतो, आत असलेल्यांना बाहेर काढत नाही.

मजकूर क्वचित बदलतात. जॅकी रॉबिन्सनच्या १९६२ च्या फलकावर वर्णभेदाचा उल्लेखच नव्हता, कारण आपल्याला खेळाडू म्हणूनच तोलावं असं त्यालाच वाटत होतं. २००८ मध्ये नवा फलक लावला, त्यात वर्णभेदाच्या भिंतीची ओळ आली. क्लेमेंतेच्या फलकावर नाव चुकीच्या क्रमाने, ‘रॉबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असं कोरलेलं होतं. प्वेर्तो रिकोत वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर येतं. २००० साली फलक नव्याने ओतून ते ‘रॉबेर्तो क्लेमेंते वॉकर’ असं केलं.